गावाच्या आकड्यात नेमके कोण?

अमेरिकेतल्या कोणत्याही छोट्या गावाची सरकारी ओळख पाच आकड्यांत उरकते. लोकसंख्या इतकी, घरे इतकी, घरटी उत्पन्नाचा मध्यक इतका, दरडोई उत्पन्न इतके आणि दारिद्र्यरेषेखाली इतके टक्के. हे आकडे पालिकेच्या अनुदानाच्या अर्जात जातात, घरे विकणाऱ्या दलालाच्या माहितीपत्रकात छापले जातात आणि निवडणूक आली की वार्ताहर त्यांच्याच आधारे गावावर शिक्का मारून मोकळे होतात. अलीकडे नाशिक-साताऱ्याचे पालकही मुलाला तिकडच्या विद्यापीठात धाडण्याआधी ते चाळतात आणि 'गरिबी चाळीस टक्के' असे काही दिसले की दचकतात.

आकडे खोटे नसतात. अमेरिकेचा जनगणना विभाग जगातल्या उत्तम सांख्यिकी यंत्रणांपैकी एक आहे, आणि तो आपले दोषही छापतो. अडचण छोट्या गावाच्या आकारातच आहे. न्यूयॉर्क किंवा शिकागोसारख्या शहरात विद्यार्थी, कैदी, भाविक, मजूर आणि धनिक असे सगळेच असतात, त्यामुळे कोणा एकाचे वजन फार जाणवत नाही. काही हजारांच्या गावात मात्र एक तुरुंग, एक कॉलेज, एक कत्तलखाना किंवा एक धर्मपंथ अख्खे कोष्टक फिरवतो. म्हणून अशा गावाचे उत्पन्न वाचण्याआधी तिथे असे काय आहे, हे विचारायला हवे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण न्यूयॉर्क राज्यात, महानगरापासून मोटारीने तास-सव्वा तासावर आहे. किर्यास जोएल हे सॅटमार पंथाच्या हसिदी ज्यूंचे गाव. युरोपातल्या नरसंहारातून वाचलेले पंथप्रमुख जोएल टायटेलबाउम यांनी ब्रुकलिनमध्ये आपला समाज पुन्हा उभा केला. शहराची हवा लागू नये म्हणून १९७०च्या दशकात ऑरेंज जिल्ह्यातल्या मन्रो या भागात जमीन घेतली गेली, आणि १९७७ मध्ये गावाला कायदेशीर दर्जा मिळाला. १९९० मध्ये इथे ७,४३७ माणसे होती. २००० मध्ये ती १३,१३८ झाली, २०१० मध्ये २०,१७५ आणि २०२० मध्ये ३२,९५४. अमेरिकेतली खेडी ओस पडत असल्याची ओरड चालू असताना हे गाव तीस वर्षांत चौपटीहून अधिक वाढले, आणि तेही मुख्यतः पाळण्यांच्या जोरावर.

२०११ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने जनगणना विभागाच्या आकड्यांवरून दाखवून दिले, की दहा हजारांहून अधिक वस्तीच्या गावा-शहरांत देशातले सर्वांत गरीब ठिकाण हेच. सुमारे सत्तर टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली. कुटुंबाच्या उत्पन्नाचा मध्यक १७,९२९ डॉलर, दरडोई उत्पन्न ४,४९४ डॉलर. जवळपास निम्म्या लोकांना सरकारी अन्नमदत. असे आकडे वाचून मनात येईल ते चित्र मात्र गावात दिसत नाही. झोपडपट्टी नाही, उघड्यावर झोपणारे नाहीत, गुन्हे नावापुरते. दुकानांत वर्दळ, रस्त्यावर बाबागाड्यांची रांग. बाळंतिणींसाठी साठ खाटांचे विश्रामगृह, तेही बहुतांशी सरकारी अनुदानातून बांधलेले. देशातल्या सर्वांत गरीब गावात बाळंतीण नीट ठेवलेल्या खोलीत काही दिवस माहेरपण अनुभवते आणि मगच घरच्या धबडग्यात परतते. आपल्याकडे माहेरच्या माणसांनी उचलायचा हा भार तिथे गावाने संस्था काढून उचलला आहे.

हे कोडे सुटते ते दारिद्र्यरेषेची घडण पाहिली की. ही रेषा १९६३-६४ मध्ये सोशल सिक्युरिटी विभागातल्या मॉली ओर्शान्स्की या अर्थतज्ज्ञ बाईंनी आखली. त्या काळी अमेरिकी कुटुंब उत्पन्नाचा साधारण एक तृतीयांश भाग अन्नावर खर्च करत असे. म्हणून काटकसरीच्या आहाराचा खर्च काढून त्याला त्यांनी तिनाने गुणले. १९६९ मध्ये सरकारने तीच रेषा अधिकृत केली आणि तेव्हापासून महागाईच्या मानाने ती फक्त वर सरकवली जाते. तिची तीन वैशिष्ट्ये ध्यानात घ्यावी लागतात. ती मॅनहॅटनमध्ये आणि नेब्रास्काच्या माळावर एकच आहे. ती फक्त रोख उत्पन्न मोजते. अन्नमदत, घरभाड्यातली सवलत, सरकारी आरोग्यविमा, करातली सूट यांतले काही धरत नाही. आणि घरात माणसे वाढली की ती वर चढते. २०१० मध्ये एकट्या माणसासाठी ती सुमारे ११ हजार डॉलर होती, चौघांसाठी २२ हजारांच्या थोडी वर, तर नऊ किंवा अधिक माणसांसाठी ४५ हजारांच्या आसपास.

आता एका घरात वर्षाला चाळीस हजार डॉलर येतात असे धरू. नवराबायको दोघेच असतील तर ते रेषेच्या पुष्कळ वर, खाऊनपिऊन सुखी. त्याच मिळकतीत सात मुले असतील तर नऊच्या नऊ जण गरीब. किर्यास जोएलमध्ये घरटी माणसांची सरासरी सहाच्या घरात होती आणि गावाच्या वयाचा मध्यक बारा वर्षांच्याही खाली, म्हणजे निम्मे गाव अजून शाळेत किंवा पाळण्यात. मुली लवकर लग्न करतात. पुष्कळ पुरुष लग्नानंतरही काही वर्षे धर्मग्रंथांच्या पूर्णवेळ अध्ययनात घालवतात, मुलांच्या शिक्षणाचा मोठा भाग यिद्दिशमधून आणि धर्माचा, त्यामुळे बाहेरच्या बाजारातल्या मोठ्या पगाराच्या नोकऱ्या आवाक्यात येत नाहीत. याउलट पंथाच्या आत बिनव्याजी उसने मिळते, कपडे आणि लहान मुलांच्या वस्तू फिरत राहतात, दानधर्माचे जाळे घट्ट आहे. यातला एकही डॉलर उत्पन्नाच्या कोष्टकात दिसत नाही.

मग हे गाव गरीब आहे की नाही? टीकाकार म्हणतात, ही निवडलेली गरिबी आहे, तिचा भार इतर करदात्यांनी का सोसावा? गाव एकगठ्ठा मतदान करते आणि त्या बळावर अनुदाने ओढते, ही शेजाऱ्यांची जुनी तक्रार आहे, आणि ती निराधार नाही. गावकरी म्हणतात, कायद्याने जे इतरांना मिळते तेच आम्ही घेतो. मुले जास्त म्हणून मदत जास्त. आमच्या मते दोन्ही बाजू आकड्यावर त्याच्या कुवतीपेक्षा जास्त ओझे टाकतात. घरात रोकड कमी आहे, हे आकडा बरोबर सांगतो. ती का कमी आहे, घरात हाल आहेत की नाहीत, यावर तो मुका असतो. ओहायो आणि मिसिसिपी नद्यांच्या संगमावरचे इलिनॉयमधले कैरो घ्या. १९२० मध्ये १५,२०३ वस्ती असलेले हे भरभराटीचे बंदर २०२० मध्ये १,७३३ वर आले. नदीची वाहतूक गेली, रेल्वेचे महत्त्व गेले आणि वांशिक वैराने उरलेला व्यापारही बुडवला. दारिद्र्याच्या रकान्यात कैरो आणि किर्यास जोएल शेजारी बसतील. एकीकडे माणसे निघून चालली आहेत, दुसरीकडे ती मावत नाहीत. दोघांवर एकच उपाय सुचवणारा अधिकारी रकाना वाचतो, गाव वाचत नाही.

कैरोबद्दल आणखी एक. २०१७ मध्ये तिथल्या सरकारी चाळी राहण्यालायक नाहीत असे ठरून त्या रिकाम्या करण्याचा निर्णय झाला आणि सुमारे चारशे गरीब रहिवाशांना अन्यत्र जावे लागले. अशा वेळी गावातले दारिद्र्याचे प्रमाण एकाही माणसाची कमाई न वाढता खाली येऊ शकते. किर्यास जोएल ज्या मन्रोत होते, त्याचे तर याहून गमतीचे. शेजाऱ्यांशी वर्षानुवर्षे भांडण झाल्यावर नोव्हेंबर २०१७ मध्ये मतदान होऊन किर्यास जोएल मन्रोपासून वेगळे झाले आणि १ जानेवारी २०१९ पासून 'पाम ट्री' नावाच्या स्वतंत्र टाउनचा भाग बनले. त्या एका तारखेला मन्रोच्या वयाचा मध्यक, घरटी माणसे, दारिद्र्य हे सगळे बदलले. सामान कोणीच हलवले नव्हते, फक्त नकाशावरची रेघ हलली होती.

आता थोडे मध्यकाविषयी. सगळी घरे उत्पन्नाच्या चढत्या क्रमाने रांगेत उभी केली, तर अगदी मधल्या घराचे उत्पन्न म्हणजे मध्यक. गावात एक अब्जाधीश राहायला आला तर सरासरी सगळ्यांना श्रीमंत करून टाकते, मध्यक जागचा हलत नाही. म्हणून मध्यक बरा, हे शाळेत शिकवतात ते खरेच. पण रांगेत कोणाला उभे केले, हेही पाहायला हवे. अमेरिकी कोष्टकात घरटी उत्पन्नाचा मध्यक काढताना फक्त घरात राहणारे धरतात. तुरुंग, वृद्धाश्रम, वसतिगृह यांतले लोक त्यात नसतात. दरडोई उत्पन्न काढताना मात्र गावातल्या सगळ्या डोक्यांनी भागतात, त्यात कैदीही आले. दारिद्र्याच्या टक्केवारीतून कैदी आणि वसतिगृहातले विद्यार्थी वगळतात, पण भाड्याच्या खोलीत राहणारे विद्यार्थी धरतात. शिवाय 'घर' आणि 'कुटुंब' हे वेगळे रकाने. घर म्हणजे एका छपराखालचे सगळे, नात्याचे असोत वा नसोत. कुटुंब म्हणजे नात्यातली किमान दोन माणसे. एकाखाली एक छापलेल्या या ओळी वेगवेगळ्या माणसांविषयी बोलत असतात, आणि बातम्यांत त्यांची बिनदिक्कत सरमिसळ होते.

आयोवा राज्यातले अ‍ॅनामोसा हे साडेपाच हजार वस्तीचे गाव. चित्रकार ग्रँट वुड याच परिसरातला, त्याची कबरही इथेच. पण गावाच्या आकड्यांवर सावली पडते ती एकोणिसाव्या शतकात चुनखडीच्या दगडांत बांधलेल्या राज्य कारागृहाची. जनगणनेच्या नियमाप्रमाणे कैदी जिथे कोंडला आहे तिथला रहिवासी. गावाचे चार सारखे वॉर्ड पाडले तेव्हा एका वॉर्डात सुमारे १,४०० 'रहिवासी' निघाले. त्यांपैकी तेराशेहून अधिक गजाआड, आणि त्यांना मताचा हक्क नाही. उरले साठाच्याही आत. २००५ च्या निवडणुकीत त्या वॉर्डातून कोणी अर्जच भरला नाही. मतपत्रिकेवर हाताने नाव लिहून दिलेल्या दोन मतांवर एक गृहस्थ नगरसेवक झाले. त्यातले एक मत त्यांच्या बायकोचे होते, दुसरे शेजाऱ्याचे. पुढे गावाने वॉर्डपद्धतच मोडीत काढली. मेरीलँड आणि न्यूयॉर्क या राज्यांनी २०१० पासून मतदारसंघ आखताना कैद्याला त्याच्या मूळ घरच्या पत्त्यावर धरण्याचा कायदा केला, नंतर आणखी काही राज्ये त्या वाटेने गेली. उत्पन्नाच्या कोष्टकात मात्र तो अजून तुरुंगाच्या गावातच आहे आणि तिथले दरडोई उत्पन्न खाली ओढतो आहे.

कॉलेजच्या गावांची गोष्ट मराठी घरांना जास्त जवळची. अमेरिकेची जनगणना नागरिकत्व पाहत नाही. तिथे राहणारा परदेशी विद्यार्थीही मोजला जातो. समजा, नाशिक, कोल्हापूर, लातूर आणि नागपूरची चार मुले विद्यापीठाबाहेर एक फ्लॅट भाड्याने घेऊन राहतात आणि प्रत्येकाला शिष्यवृत्तीच्या कामातून वर्षाला पंधरा हजार डॉलर मिळतात. घर म्हणून त्यांचे उत्पन्न साठ हजार. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या घरटी उत्पन्नाचा मध्यक ८०,६१० डॉलर होता, तेव्हा हे घर काही तळाचे नव्हे. पण चौघांचे आपापसांत नाते नाही, म्हणून दारिद्र्य मोजताना प्रत्येकाला एकटा धरतात. एकट्या माणसाची त्या वर्षीची रेषा १५,८५२ डॉलर. म्हणजे चौघेही गरीब! त्याच फ्लॅटमध्ये चार भावंडे राहिली असती, तर एकही गरीब ठरला नसता. विद्यापीठांच्या गावांत दारिद्र्याचे प्रमाण जे भयंकर दिसते, त्यातला मोठा वाटा अशा फ्लॅटांचा असतो. जनगणना विभागाने स्वतःच विद्यार्थी वगळून हे प्रमाण काढून पाहिले आहे, आणि कॉलेजच्या गावांत ते लक्षणीय खाली येते. तेव्हा पालकांनी दचकू नये. रात्री एकट्याने चालता येते का, हे त्या रकान्यात लिहिलेले नसते.

कत्तलखान्याच्या गावाचे गणित वेगळ्या दिशेने चकवते. स्टॉर्म लेक हे वायव्य आयोवातले तळ्याकाठचे गाव. इथल्या 'स्टॉर्म लेक टाइम्स' या चिमुकल्या पत्राचे संपादक आर्ट कलन यांना २०१७ मध्ये संपादकीय लेखनाचे पुलित्झर मिळाले, म्हणून पत्रकारांना हे नाव ठाऊक असते. १९८१ मध्ये इथला हायग्रेड कंपनीचा मांसप्रक्रिया कारखाना बंद पडला. पुढच्याच वर्षी आयबीपी या कंपनीने तो घेतला, पण जुन्या कामगार संघटनेविना आणि कमी मजुरीवर. स्थानिक गोऱ्या कामगारांची पुढची पिढी तिथे टिकली नाही. तिच्या जागी आधी आग्नेय आशियातून आलेले निर्वासित, मग मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले लोक, आणि अलीकडे पॅसिफिकमधल्या बेटांवरचेही लोक आले. आयबीपी २००१ मध्ये टायसनकडे गेली. आयोवाच्या गव्हर्नरांनी १९७५ मध्ये आग्नेय आशियातल्या ताय दाम निर्वासितांना राज्यात जागा दिली होती, त्याचे धागेदोरे इथपर्यंत येतात.

१९९० मध्ये ८,७६९ वर घुटमळणारे हे गाव २०२० मध्ये ११,२६९ वर गेले. आजूबाजूचे बहुतेक ग्रामीण जिल्हे त्याच काळात आटत होते. शाळेत वीसहून अधिक भाषा बोलल्या जातात, वर्ग भरलेले आहेत, मुख्य रस्त्यावरची दुकाने उघडी आहेत. उत्पन्नाचा आकडा पाहाल तर त्यात या उमेदीचा मागमूस नाही. ताशी मजुरीची नोकरी, मोठी घरे, नुकतेच आलेले लोक, म्हणून दरडोई उत्पन्न फारसे उजवे नाही. शेजारच्या आटत्या गावात म्हातारे जमीनमालक उरतात. त्यांना जमिनीचा खंड आणि पेन्शन मिळते, घरात खाणारी तोंडे दोनच. त्यांचे दरडोई उत्पन्न चांगले दिसते, आणि शाळा मात्र बंद होते. कोणते गाव 'सधन' म्हणायचे, हे कोष्टकावर सोडले तर उत्तर उलटे मिळेल.

त्यातही स्टॉर्म लेकची ११,२६९ ही संख्या गावातल्या लोकांना पटत नाही. खरी वस्ती हजारोंनी जास्त आहे असे ते सांगतात. त्यांचे म्हणणे हवेत नाही. २०२० च्या जनगणनेनंतर विभागाने केलेल्या फेरतपासणीत देशभरात हिस्पॅनिक लोकांची मोजणी जवळपास पाच टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. एका भाड्याच्या घरात तीन बिऱ्हाडे असतील, त्यांतल्या एकाकडे कागदपत्रे नसतील, तर दारावरच्या सरकारी माणसाला खरा आकडा कोण सांगणार? १९९६ मध्ये याच गावात स्थलांतर खात्याची धाड पडली होती, आणि अशा गोष्टी गाव विसरत नाही.

आकडा मुळात येतो कुठून, हेही सांगायला हवे. अमेरिकेत दर दहा वर्षांनी होणाऱ्या मुख्य जनगणनेत आता उत्पन्न विचारतच नाहीत. २००० पर्यंत साधारण सहातल्या एका घराला लांबलचक प्रश्नावली जाई, त्यात उत्पन्न असे. २००५ पासून त्याची जागा 'अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे' या अखंड चालणाऱ्या पाहणीने घेतली. ती वर्षाला सुमारे ३५ लाख पत्त्यांवर जाते. ६५ हजारांहून कमी वस्तीच्या गावाला वर्षाचे पूर्ण कोष्टक मिळत नाही, पाच वर्षांची उत्तरे एकत्र करून अंदाज देतात. पाचशे वस्तीच्या गावात पाच वर्षांत मिळून काही डझन घरांची उत्तरे येतात. त्यामुळे मध्यकाशेजारी संभाव्य त्रुटीची मर्यादा छापलेली असते, आणि लहान गावांत ती इतकी रुंद असते की गाव गरीब की मध्यमवर्गीय हेही त्यात ठरू नये. दुर्दैव असे की नक्कल करणारा प्रत्येक जण तोच रकाना गाळतो.

पाच वर्षांच्या मिश्रणाचा फटका सर्वांत जास्त बसतो तो झपाट्याने बदलणाऱ्या गावाला. नॉर्थ डकोटातल्या विलिस्टनला २०१० मध्ये १४,७१६ लोक होते. जमिनीखालच्या खडकातून तेल काढण्याचे तंत्र आले आणि २०२० पर्यंत ते सुमारे २९ हजारांवर गेले. ऐन तेजीत तिथली घरभाडी देशातल्या महागड्या महानगरांशी स्पर्धा करत होती आणि कामगार तात्पुरत्या छावण्यांत झोपत होते. तेव्हाच्या पंचवार्षिक अंदाजात तेजीआधीचे झोपाळू गाव आणि तेजीतले बेफाम गाव एकत्र घुसळले गेले. त्या सरासरीत वर्णन केलेले विलिस्टन प्रत्यक्षात एक दिवसही अस्तित्वात नव्हते.

या सगळ्याचे टोक म्हणजे नेब्रास्कातले मोनोवाय. १९३० च्या दशकात तिथे दीडशेच्या आसपास लोक होते. २००४ मध्ये नवरा वारल्यावर एक वृद्ध बाई तेवढ्या उरल्या. त्याच महापौर, त्याच कारकून, त्याच गावातली एकमेव खानावळ आणि दारूचे दुकान चालवणार. दारूचा परवाना त्यांनी स्वतःकडेच मागायचा आणि स्वतःच द्यायचा. नवऱ्याच्या पुस्तकांचे वाचनालयही आहे, काही हजार पुस्तकांचे. अमेरिकेत 'गाव' हा कायदेशीर दर्जा असतो आणि तो माणसे संपली तरी लगेच संपत नाही, म्हणून हे शक्य होते. २०१० च्या जनगणनेत मोनोवायची लोकसंख्या १. २०२० मध्ये ती २ छापून आली, आणि बाईंनाच आश्चर्य वाटले. दुसरा कोणी आलाच नव्हता. व्यक्तीची ओळख उघड होऊ नये म्हणून विभागाने २०२० पासून लहान गावांच्या आकड्यांत जाणूनबुजून थोडी गणिती भेसळ सुरू केली; राज्याची एकूण संख्या अचूक ठेवायची आणि खालच्या पातळीवर किंचित पुढेमागे करायचे. मोठ्या शहराला त्याचा पत्ताही लागत नाही, मोनोवायची लोकसंख्या मात्र दुप्पट झाली. हेतू स्तुत्यच आहे. एक माणूस असलेल्या गावाचे उत्पन्न छापणे म्हणजे त्याचे बँकेचे पासबुक चावडीवर लावणे.

एवढा काथ्याकूट का, तर या आकड्यांवर पैसा फिरतो. अमेरिकी केंद्र सरकारच्या सामुदायिक विकास अनुदानाचा एक नियम असा, की कामाचा लाभ ज्या भागाला होणार तिथले किमान ५१ टक्के लोक अल्प किंवा मध्यम उत्पन्नाचे असावेत. पाण्याची टाकी गळते आहे, पाइप शंभर वर्षांचे झाले आहेत, पण पाहणीच्या अंदाजात गाव ४८ टक्क्यांवर अडकले तर अर्ज बाद. अशा गावाला एक मार्ग ठेवलेला आहे: स्वतः घरोघर उत्पन्नाची पाहणी करा आणि ती सादर करा. मग पालिकेच्या कारकूनबाई किंवा सल्लागाराची माणसे फॉर्म घेऊन दारोदार जातात. अमेरिकी माणूस शेजाऱ्याला एक वेळ आजारपण सांगेल, पगार सांगणार नाही. तरीही फॉर्म भरले जातात, कारण नळाला पाणी सगळ्यांनाच हवे असते. आमच्या मते या व्यवस्थेतला हा सर्वांत शहाणपणाचा भाग आहे. वरून आलेला आकडा अंतिम नाही, गावाला तो खोडून काढण्याचा हक्क आहे आणि त्याची रीतही लिहून ठेवली आहे.

आपल्याकडे जनगणनेत उत्पन्न कधीच विचारले गेले नाही. माणसे मोजण्याचा प्रश्न मात्र तोच आहे. २०११ नंतरची पहिली जनगणना २०२७ मध्ये होते आहे, आणि मुख्य मोजणी फेब्रुवारीत आहे. २०११ च्या नियमानुसार जो माणूस मोजणीच्या पूर्ण काळात आपल्या घरी नसतो, तो जिथे सापडेल तिथे मोजला जातो. बीड, अहिल्यानगर, जालना या जिल्ह्यांतल्या ऊसतोड टोळ्या दिवाळीच्या आगेमागे निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. फेब्रुवारीत त्या सांगली-कोल्हापूरच्या फडावर, कोप्यांत म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत असतात. पाटोदा किंवा शिरूर कासारच्या एखाद्या गावात तेव्हा म्हातारी माणसे आणि मागे ठेवलेली मुले असतात. ही गावे आकड्यात लहान आणि म्हातारी दिसतील, आणि पुढची दहा वर्षे शाळा, रेशन, आरोग्य केंद्र त्याच आकड्यावर ठरतील. मोजणीच्या काळात कारखान्याच्या हद्दीतल्या कोप्यांवर सापडलेल्या माणसांची मूळ गावे जिल्हा प्रशासनाने वेगळी नोंदवावीत आणि ती यादी तालुक्यानुसार प्रसिद्ध करावी. साखर कारखान्यांकडे मुकादमांचे करार आहेत, टोळ्यांची नावे आहेत. ही मागणी ग्रामसभांनी जानेवारीच्या आत ठराव करून तहसीलदाराकडे द्यावी.